नव्या पातळ टीव्हीवरचे संवाद का कळत नाहीत: साऊंडबार घेण्याआधीचे एक सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर आपल्या लगेच लक्षात येईल. गुहागर तालुक्यातील गावच्या घरी आपण गेल्या गणपतीत ४३ इंची नवा टीव्ही नेलात. जुना खोक्याचा टीव्ही ओटीवरच्या शोकेसमध्ये ज्या खणात होता, त्याच खणात तो ठेवलात. तेव्हापासून ७४ वर्षांचे आपले वडील म्हणतात, की चित्र झकास आहे, पण कोण काय बोलतो ते कळत नाही. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत आणि जाहिराती अंगावर येतात, कमी केला की माणसे पुटपुटल्यासारखी बोलतात, आणि आईचा अंगठा संध्याकाळभर रिमोटवरून हलत नाही. दुकानदाराने मोठ्या सबवूफरचा (जाड सूर काढणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा) साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, सुचवला आहे, आणि तो किती वॅटचा घ्यावा, असे आपण विचारता.

चिपळूणला टीव्ही आणि ध्वनियंत्रणा दुरुस्त करण्याच्या कामात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले आणि असंख्य घरांतले जुने टीव्ही चिखलात गेले. पुढच्या वर्षभरात ज्यांनी नवे टीव्ही घेतले, त्यांच्यापैकी कितीतरी जण जवळजवळ आपल्याच शब्दांत तक्रार घेऊन माझ्याकडे आले. बहुतेकांचा टीव्ही नादुरुस्त नव्हता, आणि बहुतेकांना जास्त वॅटचीही गरज नव्हती. आपल्या पत्रात ‘आवाज कमी पडतो’ असे कुठेही नाही, ‘कळत नाही’ असे आहे. या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत, आणि दुकानात पहिल्या तक्रारीचा उपाय दुसरीसाठी विकला जातो.

बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘खाट’ यांतला ‘आ’ तिन्हींत सारखाच आणि ठणठणीत ऐकू येतो, पण जेवायला बोलावले आहे की निजायला, हे पहिल्या व्यंजनावरून ठरते. ते व्यंजन क्षणभराचे, हलके आणि साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेचे असते. हा भाग कानापर्यंत सरळ पोहोचला नाही तर आवाज कितीही वाढवा, स्वर मोठे होतात आणि शब्द मात्र तसेच अंधुक राहतात. वडिलांची तक्रार नेमकी हीच आहे.

आता पातळ टीव्हीत काय घडते ते पाहू. जुन्या टीव्हीची काच जड होती, मागे खोल पेटारा होता, आणि त्या पेटाऱ्यात पडद्याच्या शेजारी किंवा खाली, तोंड आपल्याकडे केलेला चांगला तळहाताएवढा स्पीकर बसत असे. त्या स्पीकरची प्रत फार उच्च होती असे नाही, पण तो माणसाकडे तोंड करून बोलत असे. नव्या टीव्हीला पडद्याभोवती कडाच उरलेली नाही, त्यामुळे स्पीकर मागे गेले आणि त्यांची तोंडे जमिनीकडे किंवा भिंतीकडे वळली. ते आकाराने लांबट, चिंचोळे असतात, त्यांच्या मागे हवेला जागा नसते, आणि त्यांच्यातला थरथरणारा पडदा काही मिलिमीटरपलीकडे हलू शकत नाही. खालचे सूर काढायला हवा पुष्कळ हलवावी लागते. एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या वारंवारतेवर, उतरून आवाज तेवढाच राखायचा तर या पडद्याला चौपट पुढेमागे जावे लागते, आणि एवढ्याशा जागेत ते शक्य नसते. म्हणून पातळ टीव्हीचा आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो.

तरीही वडिलांसाठी जाड सुरांची उणीव गौण आहे, दिशेची उणीव मुख्य आहे. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. ती टीव्हीला वळसा घालून सगळीकडे पसरते, स्पीकरचे तोंड कुठे आहे याची तिला पर्वा नसते. ३,००० हर्ट्झची लहर मात्र जेमतेम ११ सेंटिमीटरची असते आणि ती बरीचशी टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. स्पीकरचे तोंड खाली असेल तर व्यंजने फळीवर आदळतात, आणि जे उरते ते भिंतींवरून उशिरा, विस्कटून कानी येते.

आपल्या घरी तर हा टीव्ही शोकेसच्या खणात बसला आहे. सत्तर-ऐंशी टक्के दोष मी याच गोष्टीला देईन. (हा आकडा मोजमापाचा नाही, अनुभवाचा आहे.) शोकेस खोल असते, कारण ती खोल टीव्हीसाठी केलेली असते. पातळ टीव्ही आपण तिच्यात मधोमध किंवा मागच्या फळीला टेकवून उभा करतो. मग खाली तोंड केलेला आवाज खणाच्या तीन बाजूंत घुमतो, त्यातला स्वरांचा भाग फुगतो आणि व्यंजनांचा भाग लाकूड, फुलदाण्या आणि चौकटीतले फोटो यांत हरवतो. शोकेस आजोबांच्या वेळची सागवानी असली म्हणून ध्वनीच्या बाबतीत तिला सूट मिळत नाही.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. ओटीला कौले आहेत की स्लॅब, वडील टीव्हीसमोर बसतात की बाजूच्या झोपाळ्यावर, ते बातम्या आणि मालिका बघतात की मोबाइलच्या इंटरनेटवरून चित्रपट, आणि त्यांचे कान कसे आहेत, या चार उत्तरांवर माझा सल्ला थोडाथोडा बदलेल. म्हणून खर्चाच्या आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या, असे मी सुचवतो.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. टीव्ही पुढे ओढून त्याची खालची कडा खणाच्या काठाच्या किंचित बाहेर येईल असा ठेवा. पायांना आधार पुरत नसेल तर कोणीतरी धरून ठेवा किंवा तात्पुरता टेबलावर ठेवा. वडिलांना ओळखीच्या निवेदकाच्या बातम्या लावून द्या, कारण बातम्यांत मागे संगीत कमी असते. त्यानंतर जाड पुठ्ठ्याची एखादी हिशेबाची वही किंवा सनमायकाचा तुकडा टीव्हीच्या खाली, स्पीकरच्या जाळीसमोर, पुढचा भाग खाली आणि मागचा वर असा साधारण ४५ अंशांत तिरका धरा. खाली जाणारा आवाज त्यावर आपटून समोर येतो. वडिलांचा चेहरा त्या क्षणी खुलला तर रोग कळला, आणि औषध फार महाग नाही हेही कळले. दाभोळकडच्या एका गृहस्थांनी सुताराकडून तशी तिरकी फळी कायमची बसवून घेतली आणि साऊंडबारचा विचार सोडून दिला. दिसायला ती ठीकठाकच आहे, पण त्यांना संवाद कळतात.

जाळी तपासताना तिच्यात वाकून नीट बघा. आपल्याकडे कुंभारीण नावाची माशी कुठल्याही भोकात मातीचे घर बांधते, आणि एका टीव्हीची डावी बाजू तिने इतकी लिंपून टाकली होती, की मालक वर्षभर स्पीकर जळाला आहे असे समजून चालले होते. टीव्ही बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने माती काढावी. सुई किंवा टाचणी आत घालू नये.

दुसरी तपासणी सेट-टॉप बॉक्सची. बॉक्सला स्वतःचा आवाज असतो आणि टीव्हीला वेगळा. बॉक्सचा अर्ध्यावर आणि टीव्हीचा साठावर, अशी स्थिती मी घरोघरी पाहतो. बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त फक्त टीव्हीच्या रिमोटने करावे.

तिसरी गोष्ट टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगची. ‘सिनेमा’ किंवा ‘म्युझिक’ हा प्रकार बदलून ‘क्लिअर व्हॉइस’, ‘स्पीच’ किंवा ‘न्यूज’ अशा नावाचा जो असेल तो निवडा. तो संवादाच्या पट्ट्यातला आवाज उचलतो आणि जाड सूर दाबतो. ‘सराऊंड’ बंद करा, कारण दोन चिंचोळ्या स्पीकरांतून चहूकडून आवाज येतो असे भासवण्याच्या खटपटीत बोलणे पातळ होते. ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ सुरू करा, म्हणजे मोठे आणि लहान आवाज यांतले अंतर कमी होईल आणि जाहिरातींचा मारा थोडा सुसह्य होईल. (जाहिराती अवाजवी मोठ्या नसाव्यात, असे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत लिहिलेले आहे. रिमोट मात्र आईलाच दाबावा लागतो.) टीव्ही स्टँडवर आहे की भिंतीवर, हे विचारणारे सेटिंग असेल तर त्यात खरे उत्तर भरा, कारण त्यानुसार टीव्ही सुरांचा तोल बदलतो. इंटरनेटवरचे चित्रपट बघत असाल तर ध्वनीच्या यादीत ‘५.१’ ऐवजी ‘स्टिरिओ’ मिळते का ते पाहा. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी केलेला ध्वनी. त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्वतंत्र स्पीकरसाठी असतात. आपल्या टीव्हीला तो मधला स्पीकर नाही, त्यामुळे सगळे वाटे दोन स्पीकरांत मिसळतात आणि संवाद गर्दीत सापडतात.

खोलीविषयी थोडे सांगायला हवे. चिऱ्याची भिंत नुसती, बिनगिलाव्याची असेल तर तिचा खडबडीतपणा थोडाफार उपयोगी पडतो. पण गिलावा, तैलरंग, खाली गुळगुळीत लादी आणि वर स्लॅब अशी खोली झाली, की टाळी वाजवल्यावर ती ‘टण्ण’ करून उत्तर देते. कौलारू ओटी अशी घुमत नाही, कारण कौलांच्या फटींतून आणि उघड्या बाजूने आवाज निघून जातो. उलट तिथे बाहेरचा आवाज आत येतो, आणि आषाढात पडवीच्या पत्र्यावर सर कोसळू लागली की कोणत्याही टीव्हीचे काही चालत नाही. घुमणाऱ्या खोलीत टीव्हीसमोरच्या लादीवर एक जाड सतरंजी अंथरावी आणि समोरच्या भिंतीवर किंवा खिडकीवर जाड कापडाचा चुणीदार पडदा लावावा. अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नका. त्याने भिंत तेवढी विद्रूप होते.

कानांचा विषय नाजूक आहे, तरी टाळता येणारा नाही. वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा आधी उंच वारंवारता जातात, म्हणजे नेमकी स, श, फ, थ यांची जागा. म्हणून असा माणूस ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असेच सांगतो. नव्या टीव्हीने व्यंजने अंधुक केली आणि कानांनी त्यांत भर घातली, असे दोन्ही एकदम असू शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे: समोरासमोर बोलताना आणि फोनवरही वडील ‘काय म्हणालास?’ असे वारंवार विचारत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ तपासून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फक्त टीव्हीच कळत नसेल तर मात्र संशय पुन्हा शोकेसवर घ्यावा.

एवढे करूनही समाधान झाले नाही तर खरेदीकडे वळू, आणि आता वॅटचे बोलतो. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबलची वाढ होते, जी कानाला जेमतेम जाणवते. दुप्पट आवाज वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. या आकाराच्या टीव्हीत सहसा १०-१० वॅटचे दोन स्पीकर असतात आणि १२ बाय १५ फुटांच्या ओटीला तेवढी शक्ती खरे तर पुरेशी असते, ती चुकीच्या दिशेला जाते इतकेच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणिक शिखराचा असतो. जुन्या कॅसेट डेकवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांचे आकडे छापत असत, त्याच वंशातला तो समजा.

माझी पहिली पसंती लोकांना अनपेक्षित वाटते. दोन लहान, समोर तोंड असलेले, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि ते टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून किंवा ‘ऑडिओ आऊट’मधून तारेने जोडावेत. हेडफोनच्या छिद्रातून जोडले तर आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होतो. संगणकासोबत मिळणारी चांगल्यापैकी जोडीही चालते. माळ्यावर जुना म्युझिक सिस्टीम असेल तर तोही आधी खाली काढून पाहा, फक्त स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा आपल्या दमट हवेत भुगा झालेली नाही ना, हे बोटाने हलकेच दाबून तपासा. वडील झोपाळ्यावर, टीव्हीपासून लांब आणि बाजूला बसत असतील तर एक लहान स्पीकर त्यांच्याजवळ नेणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. स्पीकर जवळ आला की सरळ येणारा आवाज भिंतींवरून येणाऱ्या आवाजावर मात करतो, आणि पावसातही त्याचाच टिकाव लागतो. त्यासाठी ब्लूटूथ मात्र जपून वापरा. त्यात बहुधा एक-दोन दशांश सेकंदांचा उशीर होतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, आणि कमी ऐकणारा माणूस ओठांकडे बघूनच बरेचसे समजत असतो.

साऊंडबारच घ्यायचा असेल तर वॅट न विचारता मधला स्पीकर स्वतंत्र आहे का, हे विचारा. ‘२.१’ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर. ‘३.१’ मध्ये संवादासाठी मधला असतो आणि त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो. वडिलांसाठी हा एक गुण सबवूफरपेक्षा मोलाचा आहे. सबवूफर सोबत आलाच तर तो कोपऱ्यात ठेवू नका आणि त्याची पातळी अगदी खाली आणा, नाहीतर शोकेसमधली भांडी संवादापेक्षा स्पष्ट ऐकू येतील. बार खणात आत ढकलू नये, त्याची पुढची कडा फळीच्या काठाशी यावी. भिंतीवर लावणार असाल तर गवंड्याला सांगा, की जांभ्याच्या चिऱ्यात आखूड प्लग धरत नाही, भुसा होऊन सुटतो. लांब प्लग लागतात आणि भोक दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात घेऊ नये.

जोडणीसाठी एचडीएमआयचे ‘एआरसी’ लिहिलेले छिद्र वापरा, त्यातून टीव्हीचा आवाज बारकडे जातो. २००९ मधल्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे, आपल्या टीव्हीला ती असणारच असे धरून चालतो. तिच्यामुळे, दोन्हीकडे ‘सीईसी’ (एका रिमोटने दोन्ही यंत्रे चालवण्याचे सेटिंग) सुरू असल्यास, टीव्हीच्याच रिमोटने बार सुरू-बंद होतो आणि त्याचा आवाज बदलतो. आईच्या हाती दुसरा रिमोट न देणे, हा माझ्या मते साऊंडबारचा सर्वांत मोठा गुण असायला हवा. बार खरखरला किंवा मुका राहिला तर टीव्हीच्या ‘डिजिटल साऊंड आऊट’मध्ये ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडून पाहा.

दुकानातच एक परीक्षा घ्या, जी कोणत्याही माहितीपत्रकात नसते. बार टीव्हीला जोडून सुरू असताना भिंतीवरचे बटण बंद करा, दहा सेकंदांनी सुरू करा आणि टीव्ही लावा. बार आपोआप टीव्हीवर परत आला पाहिजे. काही बार वीज गेल्यावर ब्लूटूथवर जाऊन बसतात, आणि मग पावसाळ्यात आपल्याला रोज संध्याकाळी मुंबईहून फोनवर आईला बटणे सांगत बसावे लागेल. अशा कारणासाठी परत आलेले चांगले बार मी पाहिले आहेत.

घरी लावल्यावर सतत ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर डिशची केबल बॉक्समधून क्षणभर काढा. आवाज थांबला तर अर्थिंगचा दोष आहे. कातळावरच्या घरांत, विशेषतः उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की, अर्थिंग नीट लागत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे, तोवर एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल केबल लावावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे गुणगुण पलीकडे पोहोचत नाही. मात्र अशा जोडणीत बहुधा टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज बदलत नाही, हा तिचा तोटा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडू लागले की विजेचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढायला आईबाबांना सांगून ठेवा. डिशच्या छत्रीवरून आलेला विजेचा झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या छिद्रात शिरतो, आणि तिथे गेलेला टीव्ही बऱ्याचदा मदरबोर्ड बदलूनच परत येतो. खाऱ्या हवेने प्लगवर थर धरतो, तेव्हा वर्षातून दोनदा सगळे प्लग काढून पुन्हा बसवावेत.

आपण शिमग्याला गावी जाल तेव्हा आधी टीव्ही पुढे ओढा, मग सेटिंग बदला, मग वहीचा प्रयोग करा, आणि तेवढ्याने वडील समाधानी झाले तर सुताराला बोलावून मोकळे व्हा. नाहीच भागले तर निघताना टेपने दोन मापे घेऊन या: टीव्हीच्या दोन पायांमधले अंतर, आणि त्याच्या खालच्या कडेपासून फळीपर्यंतची उंची. बार त्या उंचीपेक्षा एक बोटभर बुटका हवा, नाहीतर तो टीव्हीच्या रिमोटचा डोळा झाकतो, आणि टीव्ही रिमोटचे ऐकत नाही म्हणून तक्रार येते.